माझे त्रेचाळीस थकबाकीदार भाचे

मी मारोतीचा मामा नाही. हे वाक्य मी त्या वर्षी इतक्या वेळा बोललो, की तेवढी अक्षरं भिंतीवर काढली असती तर नांदेड ते लातूर रस्त्याच्या दोन्ही बाजू रंगून झाल्या असत्या. आणि चौरस फुटाच्या भावानं बिल लावलं असतं, तर आज हा लेख मी पगारी माणूस ठेवून लिहून घेतला असता.

दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "पेंटर, पस्तीस वर्षं भिंती रंगवल्या, त्यातल्या गमती लिहा." गमती ढीगभर आहेत. माझी शिरोरेषा इतकी सरळ की देगलूरच्या एका गवंड्यानं ओळंबा नाल्यात फेकून दिला होता आणि माझ्या अक्षरावरून भिंत उभी केली होती. माझा 'ळ' बघायला बिदरकडून जीप भरून लोक यायचे. पण लिहायला बसलो की गंमत मागं राहते आणि पुढं संताप येऊन बसतो. तो एकाच गोष्टीचा आहे, म्हणून तीच लिहितो.

आमच्या धंद्याबाहेरच्यांना आधी थोडं सांगायला पाहिजे. भिंत रंगवायची म्हणजे पहिल्यांदा खरवडायची, मग चुन्याचा हात द्यायचा. तो वाळला की नीळ लावलेली दोरी दोन टोकांना ताणून मधोमध टिचकी मारायची. निळी रेघ उमटते. त्या रेघेला अक्षरं टांगायची. सगळं झालं की उजवीकडचा खालचा कोपरा पेंटरचा. तिथं तो आपलं नाव, गाव आणि मोबाइल नंबर लिहितो. त्या कोपऱ्याचं भाडं कुणी मागत नाही. आमचं दुकान म्हणजे तोच कोपरा. माझा तो कोपरा नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत मिळून सात-आठशे भिंतींवर होता. बोअरवेलच्या जाहिराती, खताच्या, शिकवणीच्या, विहाराच्या कमानी, शाळांचे सुविचार. सगळ्यांच्या खाली मी. 'सोपान पेंटर, देगलूर' आणि दहा आकडे.

म्हणजे माझा नंबर मला बदलता येत नव्हता, हे ध्यानात घ्या. तुम्ही वैतागला तर नवं सिम घ्याल. मला आठशे भिंती बदलाव्या लागल्या असत्या.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. तोवर फ्लेक्सनं आमचं कंबरडं मोडलं होतं. रात्रीत छापून सकाळी टांगायचा, वर पुढाऱ्याच्या गालावरचा तीळसुद्धा दिसतो. पण दुष्काळानं मला काम दिलं, हे सांगायला लाज वाटते तरी खरं आहे. देगलूर आणि बिलोली तालुक्यांतल्या साठ गावांत पाणी वाचवायच्या घोषणा लिहायचं काम मला जिल्हा परिषदेच्या साहेबांकडून मिळालं. साठ गावं! मी त्या रात्री जेवलोच नाही, बायको कमलला वाटलं मला लकवा झाला.

आता गंमत बघा. 'पाण्याचा प्रत्येक थेंब वाचवा' हे लिहायला चुना कालवावा लागतो, आणि चुन्याला बादलीभर पाणी लागतं. पहिल्याच गावात मी बादली मागितली. सरपंचाची आई कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"कामून पाहिजे पाणी?"

"पाणी वाचवा म्हणून लिवायचंय, मावशी."

"मग तूच वाचव की आधी, मुडद्या!"

ती म्हातारी बरोबर होती. त्या दिवसापासून मी चुना सोडला आणि कोऱ्या भिंतीवर थेट ऑइलपेंट मारायला लागलो. पाणी वाचलं, पण रंग दुप्पट जायला लागला. कोरी भिंत रंग पिते, तीही तहानलेलीच. हा दुप्पट रंग आणायचा कुठून, तर नांदेडच्या रंगवाल्या शेठकडून. त्यांची माझी वीस वर्षांची रीत होती. मी जायचो, चहा व्हायचा, डबे उचलायचो, कामाचं बिल निघालं की पैसे नेऊन द्यायचो. कागद नाही, सही नाही. काय नेलं ते त्यांनाही पाठ, मलाही पाठ.

साठपैकी दहा गावं झाली आणि फोन सुरू झाले.

पहिला आला तेव्हा मी शिडीवर होतो, तोंडात ब्रश. पुण्याकडची एक मुलगी, आवाज साखरेत घोळलेला. "सर, मारोती आपले कोण?"

"कोण मारोती? आमच्या वेशीवर एक हाय, पण तो उधारी करत नाही."

"सर, त्यांनी मोबाइल हप्त्यावर घेतलाय. तीन हप्ते थकलेत. फॉर्मवर आपण मामा आहात."

मी सांगितलं, मला बहीणच नाही. मी एकुलता एक. मामा व्हायला निदान एक बहीण लागते, एवढं तरी तुमच्या कंपनीला माहीत असेल. ती म्हणाली, "ठीक आहे सर, नोंद करते." तिनं काय नोंद केली देव जाणे, कारण दुसऱ्या दिवशी नऊ फोन आले. तिसऱ्या दिवशी एकोणीस. मग ती मुलगी गेली आणि हिंदीवाला एक बाप्या आला. त्याच्या आवाजात साखर तर नव्हतीच, मीठसुद्धा नव्हतं, नुसती मिरची.

"भांजे को छुपा के रखा है क्या?"

"अरे बाबा, भांजा न्हाई, बहीण न्हाई, मैं पेंटर है!"

"पेंटर है तो पैसा भर. मामा बना तब शरम नहीं आई?"

मी शिडीवर, खाली गावातली माणसं उभी, आणि माझा फोन जुना, त्याचा आवाज ध्वनिक्षेपकासारखा. सगळ्या चावडीनं ऐकलं. त्या दिवशी माझा 'प्रत्येक' वाकडा आला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

फोन उचलायचा नाही असंही करता येत नव्हतं. एक तर कामाचे फोन त्याच नंबरवर. आणि दुसरं म्हणजे, पाण्याच्या घोषणेखाली माझा नंबर बघून बायांना वाटायचं की तो टँकरवाल्याचा आहे. "ओ भाऊ, चार दिवस झाले, टँकर कवा सोडून राहिले?" असे फोन यायचे. पहिल्यांदा मी सांगायचो, बाई, मी टँकरवाला न्हाई. मग एकदा मागून लेकराचं रडणं ऐकू आलं आणि मी तसं सांगायचं सोडून दिलं. गावाचं नाव विचारून घ्यायचो आणि तालुक्याला जाऊन टँकरच्या बाबूसमोर उभा राहायचो. चुकीचा फोन मला चालतो हो. माणूस अडला की जो आकडा दिसेल तो दाबतो. पण तुमच्याकडं खुर्ची आहे, कॉम्प्युटर आहे, मी दहादा सांगितलंय, तरी अकराव्यांदा तुम्ही मला चोर म्हणता, ही चूक नव्हे. हा माज आहे.

एकदा त्या पुण्याच्या मुलीचाच पुन्हा फोन आला आणि मी तिच्यावर सगळा राग काढला. काय काय बोललो ते दिवाळी अंकात छापता यायचं नाही. तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "सर, मला रोज दीडशे फोन करावे लागतात. दीडशे जण हेच बोलतात." एवढंच. त्या बोलण्याचं मला आजही वाईट वाटतं. पण संताप कमी झाला असं समजू नका. तो तिच्यावरून उठून वरच्या मजल्यावर गेला, एवढंच.

रंग संपला तेव्हा बेचाळीस गावं बाकी होती. साहेबांनी बजावलं होतं, "पेंटर, महिनाअखेर. न्हाई जमलं तर उरलेल्या गावांत फ्लेक्स लावतो." मी नांदेड गाठलं. शेठ गल्ल्यावर होते. चहा आला नाही.

"पेंटर, तू कुणाला जामीन राहिला का?"

"न्हाई शेठ."

"दोन पोरं आली होती मोटारसायकलवर. माझ्या दुकानाच्या पाटीखाली तुझा नंबर दिसला म्हणून आत आली. म्हणाली, हा माणूस जामीन राहून लपून बसलाय, ह्याला उधार देऊ नका."

पाटी मीच रंगवलेली होती. खालच्या कोपऱ्यात मीच होतो. आता ह्याला काय म्हणावं? मी शेठला सगळं सांगितलं. मारोती, मामा, नसलेली बहीण. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. शेठ ऐकून घेत होते, पण माझ्याकडं बघत नव्हते, शटरकडं बघत होते.

"बाजार वाईट आहे पेंटर. दुष्काळ आहे. रोख असेल तर बोल."

बेचाळीस गावांच्या रंगाइतकी रोकड माझ्याकडं असती तर मी पेंटर कशाला राहिलो असतो? एसटीत बसून देगलूरला येईपर्यंत मी डब्यांचा हिशोब करत राहिलो. माझ्या शेजारी बसलेला माणूस मध्येच उठून दुसरीकडं जाऊन बसला, इतक्या मोठ्यानं. घरी कमलला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली.

"आवं, मग त्या मारोतीलाच हुडका की! नुसतं तोंडानं न्हाई न्हाई म्हणून कुणी ऐकतंय व्हय?"

बायको शहाणी असली की नवऱ्याचं आयुष्य वाढतं. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या त्या मुलीचा फोन आला तेव्हा मी आवाज मऊ केला. म्हटलं, "हो ताई, मारोती माझाच भाचा. मी त्याला धरून आणतो. फक्त फोन कोणत्या दुकानातून घेतला तेवढं सांगा, म्हणजे तो खोटं बोलणार नाही." तिनं लगेच सांगितलं. उदगीरचं मोबाइलचं एक दुकान. पत्ता ऐकूनच मी ओळखलं.

त्या दुकानासमोरची भिंत माझी होती. उदगीर जिल्हा व्हावा ही तिथली जुनी मागणी, आणि त्या दिवसांत पुन्हा आवई उठली होती की आता होतोयच. एवढ्या जोरात, की अकरा दुकानदारांनी माझ्याकडून पाट्यांवर 'जि. लातूर' पुसून 'जि. उदगीर' लिहून घेतलं आणि दोन महिन्यांनी पुन्हा 'जि. लातूर' करून घेतलं. दोन्ही वेळेला पैसे दिले. असा जिल्हा दर वर्षी होता होता राहावा, असं मला तेव्हा वाटलं होतं. तर त्या भिंतीवर मी लिहिलं होतं, 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे!' अक्षर दोन फुटी. खाली कोपऱ्यात मी. आणि माझा कोपरासुद्धा काय साधासुधा? रस्त्याच्या पलीकडून चष्म्याशिवाय वाचता येतो.

दुकानात शिरलो. दाराशीच टेबल, टेबलावर कर्जाचे फॉर्म, मागं गळ्यात पट्टा घातलेला एक पंचवीस-सव्वीसचा कारकून. समोर एक गिऱ्हाईक हप्त्यावर फोन घ्यायला बसलेलं. मी आपला बाजूला उभा राहिलो.

कारकून म्हणाला, "नातेवाइकाचा एक नंबर सांगा."

"पाठ न्हाई की हो. घरवालीच्या फोनात हाय."

"असू द्या." आणि त्या पोरानं मान वर केली, रस्त्यापलीकडं बघितलं, आणि माझे दहा आकडे एका दमात उतरवून घेतले. भिंतीवरून. माझ्याच हातच्या अक्षरावरून. "नातं मामा लिवू का?"

"लिवा."

मी पस्तीस वर्षं शिडीवर चढतोय, कधी चक्कर आली नाही. तिथं जमिनीवर उभ्या उभ्या आली.

"बाळा," मी म्हटलं, "तो नंबर कुणाचा हाय?"

"कुणाचा का असंना, काका. मशीन दहा आकडे मागते. दिल्याशिवाय फॉर्म फुडं सरकत न्हाई. लोकांना पाठ नसतंय, मग समोर दिसतो तो लिवतो. कुणी फोन करत न्हाई तिथं."

"कुणी करत न्हाई?" मी खिशातून फोन काढला आणि त्याच्या नाकासमोर धरला. त्याच वेळी तो वाजला, म्हणजे बघा.

मग मी खुर्ची ओढून बसलो आणि फायली बघितल्याशिवाय उठणार नाही म्हणालो. दुकानात गिऱ्हाइकं जमली म्हणून त्यानं घाबरून फायली दाखवल्या. त्रेचाळीस फॉर्म. मारोती फक्त पहिला थकलेला, बाकीचे रांगेत होते. मी रेड्डीचा मामा होतो, शेखचा चुलता, स्वामीचा मेहुणा. धम्मात आलेलं आमचं घर. आणि जवळच्याच एका गावच्या देशमुखानं मला सख्खा मामा लिहून सही केली होती. त्याच गावात भिंत रंगवून झाल्यावर मला पाणी पेल्यात दिलं नव्हतं, वरून ओंजळीत ओतलं होतं. तहानेला पेला नाही आणि जामिनाला मामा! हप्ता चुकल्यावर शिव्या खायला माणूस पाहिजे असला, की कुणाचीच जात आडवी येत नाही.

"हे त्रेचाळीस खोड," मी म्हणालो.

"सिस्टिममधून निघत न्हाई, मामा. वर तक्रार टाका. हा माझा नंबर घ्या, आठ दिवसांनी फोन करा." त्यानं एका चिठोऱ्यावर स्वतःचा मोबाइल नंबर लिहून माझ्या हातात दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बसवलं.

आठ दिवसांनी! आठ दिवसांनी माझ्या बेचाळीस गावांत फ्लेक्स फडफडणार होते.

मी बाहेर आलो. शेजारच्या किराणा दुकानातून शिडी मागितली, हार्डवेअरमधून लाल रंगाचा अर्धा लिटरचा डबा घेतला, रोख. ब्रश आणि निळीची दोरी पिशवीत होतीच. पलीकडच्या भिंतीवर चढलो. पहिल्यांदा माझा नंबर पुसला. हाताला कसंतरी झालं. स्वतःच्या घराचं दार आपणच लिंपून बंद करावं तसं. मग घोषणेखालच्या मोकळ्या जागेत दोरी ताणली, टिचकी मारली, आणि त्या चिठोऱ्यावरचे आकडे दोन फुटी मापात काढायला लागलो. घाई केली नाही. आठाचं पोट गोल, सहाची मान बाकदार. खाली माणसं जमली. कुणी म्हणालं, "पेंटर, कुणाचा नंबर?" मी म्हटलं, "नव्या मामाचा."

सहावा आकडा संपेपर्यंत कारकून पळत रस्ता ओलांडून आला. पट्टा गळ्यात उलटा झाला होता.

"मामा, काय करून राहिलात? तो माझा नंबर हाय!"

"माझा होता तवा चालला. आता तुझा. टेबलावरून चांगला दिसतो, बघ."

"उद्या कुणी फॉर्मवर लिवला तर? मला वसुलीचे फोन येतील!"

"मग आले तर आले. तुझ्याच कंपनीची माणसं न्हाईत का?"

"न्हाईत हो मामा, ते लोक ओळखत न्हाईत कुणाला. लई वंगाळ बोलतात. माझ्या घरी आई हाय, ती फोन उचलते."

मी सातवा आकडा पूर्ण केला आणि त्याच्याकडं बघितलं. म्हणजे ह्याला माहीत होतं. ते कसं बोलतात, किती वेळा करतात, घरात कोण उचलतं, सगळं. आणि तरी तो रोज मान वर करून माझा नंबर उतरवून घेत होता. माझ्याही घरात कमल फोन उचलते. मी वरून विचारलं, "आठवा आकडा काढू, का माझ्यासंगं नांदेडला येतोस?"

तो आला. त्याच दिवशी, एसटीनं, माझ्या शेजारी बसून. फॉर्मांच्या नकला पिशवीत घेऊन. वाटेत त्याचा चेहरा इतका पडला होता की कंडक्टरनं मला विचारलं, "पोराला दवाखान्यात नेऊन राहिलात का?"

शेठ गल्ल्यावरच होते. पोरानं फॉर्म काढून समोर ठेवले. "शेठजी, ह्यांचा काही संबंध न्हाई. मीच भिंतीवरून नंबर टाकला. त्या दोन पोरांनाही वरून सांगायला लावतो." शेठनी एक फॉर्म बघितला, दुसरा बघितला. दोन मिनिटं लागली असतील. मान हलवली, माणसाला हाक मारली, "पेंटरचे डबे काढ. चहा सांग."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अरे, हे आधी सांगायचं ना!"

आधी सांगायचं! दोनदा सांगितलं होतं, याच गल्ल्यासमोर उभं राहून. वीस वर्षं ज्याच्या डब्याचा एक रुपया राहिला नाही त्याचा शब्द त्यांना पुरला नव्हता. आणि ज्यानं खोटं लिहिलं होतं, त्या पोराच्या गळ्यात पट्टा होता म्हणून त्याचं दोन मिनिटांत खरं झालं. मी चहाला नको म्हणालो.

"शेठ, कागद करा."

"कसला कागद?"

"डब्यांचा. किती नेले, काय भावानं, कधी देणार. माझी सही घ्या, तुमची द्या."

"आपल्यात कागद कशाला पेंटर?"

"आता लागेल."

शेठनी चष्मा चढवला. मग खणातून कोरी पावती काढली, डबे मोजून लिहिले, भाव लिहिला, सही केली. सगळ्यात खाली त्यांनी माझं नाव लिहिलं आणि पुढं, मला न विचारता, कुठं न बघता, माझे दहाच्या दहा आकडे झरझर लिहून टाकले. नंबर तोंडपाठ होता त्यांना. मग त्या नंबराचा माणूसच तेवढा कसा विसरले होते, ते मी त्यांना विचारलं नाही. डबे रिक्षात टाकले आणि बेचाळीस गावं रंगवायला निघालो.